सुईच्या टोकाएवढा तारा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — ती गेली, हे न ऐकताच गेली. पोरांना कतारच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या. वारं सुटलं की चहात वाळू कशी यायची, अरब मालक एकाच परातीत आमच्याबरोबर कसा जेवायला बसायचा. ही नाही सांगितली. नातवाचं अक्षर चांगलं आहे, त्याच्याकडून लिहून घेता आलं असतं. पण दुसरा लिहिणारा मधेच कुठंतरी मऊ करतो. "तुम्ही तेव्हा तरुण होता आजोबा," असं काहीतरी घालतो. मी तरुण नव्हतो. चाळिशी ओलांडली होती, दोन मुली लग्नाला आल्या होत्या. तेव्हा माझं मीच लिहितो. शिक्षण चौथी. चुका असतील, त्या राहू देत.

आधी माझ्या हाताबद्दल सांगतो, कारण सगळं तिथूनच निघालं. मी वेल्डर. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडत शिकलो. शिकवलं कुणी नाही, बघून शिकलो. तिथून कतारला गेलो, दुखानला, तेलाच्या लाइनीचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराकडं. कँपात मलबारी, पठाण, फिलिपिनो, सगळ्या मुलखाचे वेल्डर होते. अवघड जागेचा जॉइंट आला की फोरमन म्हणायचा, ज्ञानू मिस्त्रीला बोलवा. पाठीवर झोपून, डोक्यावरच्या पाइपाला खालून जॉइंट मारायचा, ठिणग्या गळ्यात पडतायत, आणि हात हलता कामा नये. माझा हलत नव्हता. हा गर्व आहे म्हणतोस? आहे. तो आजही आहे. त्याच्याबद्दल मी माफी मागायला बसलेलो नाही.

आता कासम. कासम रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, काटकुळा, बोलायला हळू. मॅट्रिक झालेला आणि वर फिल्म वाचायचं शिक्षण घेतलेला. डॉक्टर हाडाचा एक्स-रे काढतो ना, तसा पाइपाच्या जॉइंटचाही काढतात. वरून जॉइंट देखणा दिसतो, पण आत पोकळी राहिली असेल, मुळाशी धातू पोचला नसेल, तर ते फिल्मवर काळं उमटतं. कासम एका पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचा. खिडक्यांना काळं कापड, समोर उजेडाची पेटी, हातात पांढरे सुती मोजे. एकेक फिल्म पेटीवर लावायचा, भिंग फिरवायचा आणि लिहायचा — पास, रिपेअर किंवा कट. कट म्हणजे जॉइंट कापून काढायचा. त्यानं लिहिलं की खलास. गोरा इन्स्पेक्टरही त्याच्या कागदावर डोळे झाकून सही करायचा.

दुपारचा डबा मी त्याच्या केबिनमध्ये खायचो. तिथं एसी होता, हे एक. आणि मराठी बोलायला मिळायचं. आणि — आता कबूल करायला काय जातं — तो मला आवडायचा. मी घासाबरोबर कांदा फोडायचो, तो भिंतीवर लावलेली चित्रं दाखवायचा. ती जॉइंटची नव्हती. ती आभाळातली होती.

एका इन्स्पेक्टरानं जाताना टाकून दिलेल्या मासिकात त्याला ते वाचायला मिळालं होतं. फुटलेल्या ताऱ्यांचे एक्स-रे. मी आधी हसलो. म्हटलं, ताऱ्यांना काय हाडं असतात? तो रागावला नाही. त्यानं मला समजावलं, आणि असं समजावलं की चौथी शिकलेल्या माणसाला आजही पाठ आहे. मोठा तारा म्हातारा झाला की फुटतो. त्याच्या ठिकऱ्या शेकडो वर्षं पसरत राहतात, कवच फुगावं तशा. वाटेतल्या वायूवर आदळून ते कवच इतकं तापतं — आपल्या वेल्डिंगची आग त्याच्यापुढं बर्फ — की त्यातनं नुसता उजेड नाही, एक्स-रे निघतात. पण आपल्या वरची हवा ते एक्स-रे पिऊन टाकते. जमिनीवर बसून काही दिसायचं नाही. म्हणून दुर्बीण रॉकेटावर घालून हवेच्या पार वर सोडायची आणि तिथून बघायचं. मी विचारलं, एक्स-रे तर लोखंडातनं आरपार जातात, मग दुर्बिणीच्या आरशातनं जात नाहीत का? त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "मिस्त्री, तुमचा प्रश्न लाखातला. सरळ मारला तर घुसतो. तळ्यात चपटा दगड तिरका मारून भाकऱ्या काढतो की नाय आपण? तसा अगदी तिरका पडला, तर टप्पा खातो." म्हणून त्या दुर्बिणीचा आरसा ताटासारखा नसतो, पाइपासारखा असतो. पाइपात पाइप, त्याच्या आत आणखी पाइप, आतून घासून घासून लखलखीत केलेले. पाइप म्हटल्यावर मला पटलं. हे कुणीतरी माझ्यासारख्यानंच बनवलं असणार, असं वाटलं.

बघ, मी हे लांबवतोय. माझं मलाच कळतंय.

कासमनं त्या मासिकावरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं होतं. परदेशातल्या एका विद्यापीठातल्या बाई, त्या दुर्बिणीच्या फिल्मा तपासणाऱ्या. त्यानं लिहिलं, मीही एक्स-रेच्या फिल्मा वाचतो, पण पाइपांच्या. बाईंनी चक्क उत्तर दिलं. मग दोनतीन महिन्यांनी एकेक पत्र येऊ लागलं. कँपातले हसायचे, कासमभाईला आसमानातनं चिठ्ठी आली म्हणायचे. तोही हसायचा. त्याला चालायचं. फिल्म वाचणारा म्हणून त्याचा दरारा इतका होता की हसण्यानं त्याचं काही जात नव्हतं.

मग तो दिवस आला. एक नवा फिलिपिनो वेल्डर आला होता, हात जलद. शर्यत कुणी लावली नव्हती, मीच मनात लावली. एका सकाळी मी तीन जॉइंट मारले, तो दुसऱ्यावर होता. दुसऱ्या दिवशी तिन्हींच्या फिल्मा कासमच्या पेटीवर, आणि तिन्हींवर लिहिलं — कट.

मी केबिनमध्ये गेलो तेव्हा फोरमन होता, इन्स्पेक्टर होता, दारात पाचसहा वेल्डर उभे, त्यात तो फिलिपिनो. फिल्मवर केसासारखी काळी रेघ होती. मी म्हणालो, हा फिल्मवरचा ओरखडा आहे. कासमनं फिल्म पेटीवरून काढली, दिव्यासमोर तिरकी धरली, सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. "ओरखडा असता तर तिरक्या उजेडात चमकला असता, मिस्त्री. हा आतला आहे." तरी मी मान्य करीना. फोरमननं एक जॉइंट कापायला लावला. कापला, चिरला, उघडला. मुळाशी फट होती. नख जाईल एवढी. जिथं तो म्हणाला होता तिथंच.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी दोन दिवस धुसफुसलो असतो आणि विसरलो असतो. चूक माझी होती, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण कासम पुढं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हात सोन्याचा आहे तुमचा. मन ठिकाणावर नव्हतं, एवढंच."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं मला समजून घेतलं. सगळ्यांसमोर. कालचा हा काटकुळा माणूस, आयुष्यात एक ठिणगी अंगावर घेतली नाही, आणि मला समजून घेतो? तुला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मला वाटली नाही. त्या क्षणी मी ठरवलं की याच्याकडं जे आहे ते काढून घ्यायचं. आणि त्याच्याकडं काय होतं? डोळा. बाकी काही नव्हतं.

मी डब्याला त्याच्याकडं जाणं सोडलं नाही. उलट गोड वागलो. तो खूश झाला, मिस्त्रींनी मनात ठेवलं नाही म्हणून.

महिन्याभरानं बाईंचं मोठं पाकीट आलं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये फिल्म होती, छापलेलं चित्र नव्हे, खरी फिल्म, त्या दुर्बिणीनं काढलेल्या एका फुटलेल्या ताऱ्याची नक्कल. कासमनं मोजे घातले, ती पेटीवर लावली, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. काळं आभाळ आणि त्यात पांढरं कवच — कडेला दाट, आत विरळ, कुठं गाठी, कुठं धागे. खरं सांगतो, मीही घास हातात धरून बघत राहिलो. इतक्यात अजान झाली. तो म्हणाला, पत्र संध्याकाळी डिक्शनरी घेऊन वाचतो, फिल्म उद्या निवांत बघतो. आणि जाताना म्हणाला, "मिस्त्री, दार ओढून घ्या, वाळू येते."

तो नमाजाला गेला. मी दार ओढून घेतलं.

माझ्या खिशात टंगस्टनची काडी होती. आर्गन वेल्डिंगला लागते, आम्ही ती ग्राइंडरवर सुईसारखी टोकदार करतो. मी पेटीवर वाकलो. कवचाच्या बरोबर मध्यावर टोक टेकवलं आणि बोटात एकदा फिरवलं. काळा लेप निघाला, खालचा उजेड वर आला. सुईच्या टोकाएवढा. मी मागं सरून पाहिलं. आभाळातल्या इतर ठिपक्यांसारखाच ठिपका, फक्त थोडा झळझळीत. आयुष्यात मी एवढं नाजूक काम कधी केलं नव्हतं. हात हलला नाही.

काय वाटलं म्हणून विचारशील. मजा वाटली. दुसरं काही लिहिलं तर ते खोटं होईल.

मध्यभागच का निवडला? नुसता मध्य म्हणून. मला कुठं माहीत होतं? ते दुसऱ्या दिवशी कळलं. कासम सकाळी मला बोलवायला थेट कामावर आला, तोंडावर बांधलेला रुमाल काढून हातात धरलेला, धापा टाकत. बाईंनी पत्रात लिहिलं होतं की तारा फुटला की त्याचा गाभा मागं राहायला पाहिजे. गाव मावेल एवढा छोटा आणि वजन सूर्याएवढं. काही कवचांच्या मधे तो सापडला आहे. या कवचाच्या मधे आम्ही खूप शोधला, दिसत नाही. कुठं गेला कळत नाही. आणि कासमला तो दिसला होता.

ऐक, तो जॉइंटची कुठलीही फिल्म तिरकी धरल्याशिवाय सोडायचा नाही. कुठलाही ठिपका, कुठलीही रेघ, आधी तिरक्या उजेडात बघायची, मग बोलायचं. हा त्याचाच नियम, नव्या पोरांना तोच शिकवायचा. पण ती फिल्म त्यानं पेटीवरून उचललीच नाही. तिला हात लावायला तो भीत होता. आणि दुर्बिणीतून, आभाळातून आलेल्या गोष्टीवर ओरखडा असेल असं त्याच्या मनातच आलं नाही. भिंगातून बघत राहिला, पट्टीनं अंतरं मोजत राहिला. मला म्हणाला, मिस्त्री, तुमचा डोळा पक्का, तुम्ही बघा. मी भिंगाला डोळा लावला. माझंच काम समोर होतं. म्हणालो, दिसतो की. स्पष्ट दिसतो.

तो म्हणाला, इन्स्पेक्टर रजेवरून आला की त्याला दाखवीन आणि मगच लिहीन. इन्स्पेक्टरनं फिल्म पहिल्याच फटक्यात तिरकी धरली असती. म्हणून मी म्हणालो, "गोऱ्याला दाखवशील आणि गोरा स्वतःच्या नावानं पाठवील. लिही तू. घाबरतोस काय?"

त्यानं लिहिलं. मलबारी टायपिस्टाकडून दोनदा टाइप करून घेतलं. फिल्मही सोबत परत पाठवली, बाईंना खात्री पटावी म्हणून. शुक्रवारी मेसमध्ये त्यानं सगळ्यांना सांगितलं, शेवया करायला लावल्या. लोक हसले, पण या वेळी जरा निराळं हसले. पठाणानं त्याला मिठी मारली. आपल्या कँपातल्या माणसानं काहीतरी शोधलं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. मी शेवया खाल्ल्या, दुसऱ्यांदा घेतल्या.

उत्तर यायला दीड महिना लागला. डाक दुपारी यायची, जेवणाच्या वेळी. कासमनं पाकीट बघितलं आणि ते न फोडता खिशात घालायला लागला. मी समोरच्या बाकावर होतो. मी हिंदीत, सगळ्या मेसला ऐकू जाईल असं म्हणालो, "क्या कासमभाई, मेमसाब क्या बोलती है? पढ़ो, पढ़ो, सबको सुनाओ." सगळे ओरडायला लागले, पढ़ो, पढ़ो. तो उठून जाऊ शकत होता. पण त्याला वाटलं असेल की चांगलंच असणार. त्यानं फोडलं आणि एकेक वाक्य वाचून हिंदीत सांगायला लागला.

बाई फार भल्या होत्या. पहिल्या चार ओळी त्याच्या कौतुकाच्या. मग लिहिलं होतं की मूळ चित्रात तो ठिपका नाही. फिल्म तिरक्या उजेडात धरली तर दिसतं की लेप खरवडला गेला आहे. वाटेत झालं असेल, असं सगळ्यांचंच होतं, वाईट वाटून घेऊ नका. तो 'तिरक्या उजेडात'पर्यंत आला आणि थांबला. पुढं मीच विचारलं, "क्या है? खरोंच?" तो म्हणाला, हां, खरोंच. मेस हसली. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. आणि म्हणालो, "खरोंच साहब!"

ते नाव चिकटलं. नाव ठेवणारा मी. त्याला रस्त्यात हाक मारायचे, खरोंच साहब, सितारा मिला क्या? टाकीवर कुणी खडूनं ठिपका काढून ठेवायचं. फोरमनसुद्धा एकदा बोलून गेला. त्याच्या कागदावर 'कट' आलं की वेल्डर म्हणायला लागले, बघा, पुन्हा खरोंच असेल. ज्यानं कधी दुसऱ्यांदा फिल्म मागवली नव्हती तो कासम आता एकेका जॉइंटच्या दोन-दोन, तीन-तीन फिल्मा काढायला लावायचा. तासतास तिरकी धरून बसायचा. काम तुंबायला लागलं.

आणि त्याला वाटत काय होतं? वाटेत झालं, हे त्याला पटत नव्हतं. पुठ्ठ्यात बांधलेली फिल्म, वाटेत नेमकी मध्यावर कशी खरवडेल? तो मला म्हणाला, मीच केलं असणार. चिकटपट्टी लावताना, नखानं, भिंगाच्या कडेनं. मीच केलं आणि मीच त्याच्यात तारा पाहिला. मला जे पाहिजे तेच मला दिसायला लागलंय, मिस्त्री. हे फार वाईट.

तेव्हा सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. मी चहा पीत होतो. मी दुसरा कप मागवला.

आतापर्यंत तू मनात म्हणत असशील, एक ठिपका टोचला, चार माणसं हसली, यात एवढं काय? मीही बरीच वर्षं असंच म्हणत होतो. पण मला सांगायचं होतं ते हे नाही. ते इथून पुढं आहे.

एका दुपारी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. पेटीवर एक फिल्म होती. म्हणाला, कँपात सगळे एकतर हसतात नाहीतर तोंडावर गोड बोलतात. तुम्ही गोड बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. या फिल्मवर मला एक रेघ दिसते. आहे का ती?

मी वाकून बघितलं. रेघ होती. बारीक, फिकी, जॉइंटच्या मुळाशी. दुसऱ्या कुणाला चुकली असती, त्याला चुकली नव्हती. जॉइंट माझा नव्हता. माझा असता तर निदान स्वार्थ म्हणता आला असता. कुणा पठाणाचा होता, मला त्याचं देणंघेणं नाही.

मी विचारलं, "कुठं?"

त्यानं काडीच्या टोकानं दाखवली. मी पुन्हा वाकलो. चांगला वेळ घेतला. भिंग मागितलं. फिल्म काढून तिरकी धरली, तो धरायचा तशीच. आणि म्हणालो, "मला काही दिसत नाही, कासम."

त्यानं फिल्म आणि भिंग माझ्याकडून परत घेतलं. मग मी ते म्हणालो. जपून, एखाद्या मोठ्या भावानं सांगावं तसं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून — "डोळा गेला तुझा. सोड हे काम. आज नसलेलं दिसतंय, उद्या असलेलं दिसेनासं होईल, लाइन फुटेल, कुणाचा जीव जाईल. तू भला माणूस आहेस म्हणून सांगतो."

तो भला माणूस होता म्हणूनच ते लागलं. दुसऱ्या कुणाला नोकरीची पडली असती. त्यानं भिंग पेटीवर ठेवलं, हातातले मोजे काढले, बोटं सरळ करून एकावर एक ठेवले आणि त्याच दुपारी ऑफिसात जाऊन सांगितलं की दुसरा माणूस बघा. इन्स्पेक्टर रागावला, समजूत घातली, कंपनीच्या दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरनं डोळे तपासून लिहून दिलं, एकदम ठीक. कासमनं तो कागद मला दाखवला आणि म्हणाला, "भिंतीवरची अक्षरं वाचता येतात हो मला. ती तिथं असतातच."

त्याला स्टोअरमध्ये टाकलं. हेल्मेटं, बूट, हातमोजे वाटायचं काम. नवा माणूस केबिनमध्ये आला त्या पहिल्याच दिवशी त्यानं ती पठाणाची फिल्म उचलली आणि कट लिहिलं. जॉइंट कापला, रेघेच्या जागी फट निघाली. मी तिथं उभा होतो. स्टोअर तिथून शंभर पावलांवर. मी गेलो नाही. दुसऱ्या कुणाला त्या फिल्मची गोष्ट माहीतच नव्हती, मग सांगणार कोण?

असं वर्ष गेलं. खरोंच साहब म्हणणं हळूहळू थांबलं, कारण स्टोअरवाल्याला चिडवण्यात मजा नसते. त्यानं बाईंना पुन्हा लिहिलं नाही. भिंतीवरची चित्रं केबिनमध्येच राहिली होती, ती नव्या माणसानं काढून टाकली.

मग एक पाकीट आलं. बाईंचंच, पुठ्ठ्याचं. टायपिस्टानं ते स्टोअरमध्ये आणून दिलं तेव्हा मी नवे हातमोजे घ्यायला तिथं होतो. कासमनं पाकीट फोडलं, पत्र वाचायला घेतलं आणि निम्म्यात ठेवलं. पहिल्या ओळींत काय होतं ते त्यानं मला सांगितलं — बाईंनी मुद्दाम एक फिल्म पाठवली होती, दुसऱ्या एका फुटलेल्या ताऱ्याची, तुमच्यासाठी निवडली आहे, बघा आणि काय दिसतं ते कळवा. एवढंच. निदान तेवढ्यात उत्तर सांगितलेलं नव्हतं. बाईंना त्याचा डोळा परत पाहिजे होता, दुसरं काय?

त्यानं फिल्म पुठ्ठ्यातून काढलीसुद्धा नाही. माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुम्ही बघा मिस्त्री. माझं काही खरं नाही."

मी ती खिडकीच्या उजेडात धरली. गोल कवच, कडा फाटक्या. आणि मधे ठिपका. टोचलेला नव्हे — मी टोचलेला ओळखतो, त्याची कड कातरलेली असते. हा मऊ होता, कडेला विरत गेलेला, तापल्या धातूचा थेंब असतो तसा. गाभा होता तो. कासमनं सांगितलेला, गावाएवढा, सूर्याच्या वजनाचा. बाहेर ट्रक उभा होता, कुणीतरी यल्ला, यल्ला — चला, चला — ओरडत होतं.

"मधे काही आहे का?" त्यानं विचारलं. सहज विचारल्यासारखं. पण हातातलं काम थांबलं होतं.

मी म्हणालो, "नाही. नुसतं कवच. मधे रिकामं आहे."

"मग असू दे," तो म्हणाला, आणि हातमोज्यांच्या जोड्या लावायला लागला. उजवा-डावा, उजवा-डावा. फिल्म परत मागितली नाही. मी ती बाहेर येऊन रद्दीच्या पिंपात टाकली.

पहिल्यांदा टोचलं तेव्हा मला राग होता. डोळा गेला म्हणालो तेव्हा राग संपला होता, पण जिंकायचं राहिलं होतं. या वेळी तर काहीच राहिलं नव्हतं. तो मोडलेला होता, मला त्याचा काही त्रास नव्हता, हो म्हणायला माझं काही जात नव्हतं. मी का नाही म्हणालो? फार विचार केला. नाही म्हणता येत होतं, म्हणून म्हणालो. याच्या खाली आणखी काही सापडत नाही.

कासम पुढच्या वर्षी कायमचा गावी गेला. जाताना मला भेटायला लाइनीवर आला, म्हणाला, सगळ्यांत खरं बोलणारे तुम्हीच. तो आज आहे की नाही ते मी कुणाला विचारलेलं नाही. मी आणखी सहा वर्षं दुखानला काढली. माझा एकही जॉइंट पुन्हा कापला गेला नाही.